पश्चिम टेक्सासच्या तेलगावांतील वाहन विमा

पश्चिम टेक्सासच्या तेलगावांतील वाहन विमा हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पर्मियन खोरे आणि राज्याच्या उत्तर टोकाचा पॅनहँडल प्रदेश येथील लहान गावांत राहणाऱ्या वाहनचालकांच्या विमानिवडीशी संबंधित विषय आहे. या भागात खनिज तेलाच्या विहिरी, लांब ग्रामीण रस्ते, अवजड टँकरांची वाहतूक आणि वसंत ऋतूतील गारपीट या गोष्टी एकत्र येतात. टेक्सासच्या कायद्याने प्रत्येक चालकावर जो विमा बंधनकारक केला आहे, तो केवळ इतरांच्या नुकसानीची भरपाई करतो. गारपिटीने स्वतःच्या वाहनाचे झालेले नुकसान त्यात येत नाही. त्यामुळे कायद्याची पूर्तता करणारी, परंतु गारपिटीनंतर एक डॉलरही न देणारी पॉलिसी हाती असणे येथे सहज शक्य असते.

पार्श्वभूमी

पर्मियन खोरे पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागात पसरलेले असून ते अमेरिकेतील सर्वाधिक उत्पादन देणारे तेलक्षेत्र आहे. रेगन काउंटीतील बिग लेकजवळ २८ मे १९२३ रोजी 'सांता रिटा क्रमांक १' या विहिरीतून तेल उसळले आणि या भागाकडे तेल कंपन्यांचे लक्ष वेधले गेले. स्कर्री काउंटीतील स्नायडर हे गाव १९४८ नंतर तेलाच्या शोधामुळे अल्पावधीत वाढले. पॅनहँडलच्या ईशान्य भागातील पेरिटन हे गाव अ‍ॅनाडार्को खोऱ्यात असून तेथे गव्हाची शेती, पशुपालन आणि तेल-वायू उत्पादन हे तिन्ही व्यवसाय चालतात. २०२० च्या जनगणनेनुसार स्नायडरची लोकसंख्या सुमारे ११ हजार आणि पेरिटनची सुमारे साडेआठ हजार होती.

अशा गावांत सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नसते. विहिरी गावापासून दूर असल्याने कामगाराला रोज लांबचा प्रवास करावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण पिकअप प्रकारचे वाहन वापरतात. वेल्डर, पंपर आणि दुरुस्ती कामगार यांच्यासाठी हे वाहन अवजारांचे कोठारही असते. वाहन बंद पडले, तर कामावर जाणे थांबते आणि मजुरीही थांबते. शहरात गाडीवर पोचे पडल्यास ती गैरसोय ठरते. तेलगावात फुटलेल्या काचेमुळे रोजगार बुडू शकतो.

तेजीच्या काळात बाहेरून आलेले कामगार आरव्ही पार्क अथवा 'मॅन कॅम्प' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तात्पुरत्या वसाहतींत राहतात. तेथे छपराखाली वाहन उभे करण्याची सोय क्वचितच असते. दिवसभर वाहन विहिरीच्या उघड्या जागेवर आणि रात्रभर मोकळ्या आवारात उभे राहते. त्यामुळे गारपिटीत सापडण्याची शक्यता वाढते.

गारपिटीचे स्वरूप

या प्रदेशात गारपिटीचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून असा असतो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि नैर्ऋत्येकडील वाळवंटी भागातून येणारी कोरडी हवा यांच्या सीमारेषेला 'ड्राय लाइन' म्हणतात. या रेषेलगत दुपारनंतर उंच गर्जनामेघ तयार होतात. त्यांपैकी फिरत्या ऊर्ध्वप्रवाहाच्या मेघांना 'सुपरसेल' म्हणतात आणि मोठ्या गारा मुख्यतः त्यांतूनच पडतात. पॅनहँडल आणि लगतचा प्रदेश समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे. त्यामुळे गोठणबिंदूची पातळी जमिनीला जवळ असते आणि गारांना खाली येताना वितळण्यास कमी वेळ मिळतो.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १ इंच (सुमारे २.५ सेंमी) किंवा त्याहून अधिक व्यासाच्या गारेला 'तीव्र' गार मानते. २०१० पूर्वी ही मर्यादा पाऊण इंच होती. १ इंचाच्या आसपासच्या गारांनी पत्र्याला पोचे पडू शकतात. गोल्फच्या चेंडूएवढ्या, म्हणजे सुमारे पावणेदोन इंचांच्या गारांनी काचा फुटू शकतात. ४ इंचांहून मोठी गार ताशी १६० किमीपेक्षा अधिक वेगाने खाली येऊ शकते. २ जून २०२४ रोजी पॅनहँडलमधील व्हिगो पार्कजवळ ७ इंचांहून मोठी गार आढळल्याची नोंद आहे.

गारपिटीचा पट्टा अनेकदा अरुंद असतो. एका रस्त्यावरील वाहने निकामी होतात आणि काही किलोमीटरवरील वाहनांना धक्काही लागत नाही. मात्र लहान गाव संपूर्णपणे अशा पट्ट्यात सापडले, तर एकाच दिवशी शेकडो दावे दाखल होतात आणि स्थानिक गॅरेजची क्षमता अपुरी पडते.

कायद्याने बंधनकारक विमा

टेक्सासमध्ये प्रत्येक वाहनचालकाने दायित्व विमा घेणे बंधनकारक आहे. त्याची किमान मर्यादा '३०/६०/२५' अशी लिहिली जाते. तिचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे :

- एका जखमी व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर
- एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ६०,००० डॉलर
- इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,००० डॉलर

ही रक्कम चालकाच्या चुकीने ज्यांचे नुकसान झाले, त्या व्यक्तींना मिळते. चालकाच्या स्वतःच्या वाहनासाठी तिचा उपयोग होत नाही. विमा नसल्याचे पहिल्यांदा सिद्ध झाल्यास १७५ ते ३५० डॉलर, तर पुढील वेळी ३५० ते १,००० डॉलर दंड होऊ शकतो. 'टेक्सासशुअर' या संगणकीय प्रणालीद्वारे पोलीस आणि वाहन नोंदणी कार्यालये विमा चालू आहे की नाही, हे पडताळू शकतात.

तेलक्षेत्रातील रस्त्यांवर या किमान मर्यादा अपुऱ्या पडण्याचा संभव अधिक असतो. नव्या पिकअपची किंमत २५,००० डॉलरहून बरीच अधिक असते आणि टँकर अथवा यंत्रसामग्री वाहणाऱ्या ट्रकची किंमत त्याहूनही जास्त असते. पेकोस परिसरातून जाणारा यूएस २८५ हा महामार्ग अपघातांमुळे 'डेथ हायवे' या नावाने कुप्रसिद्ध झाला. नुकसान विम्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यास उरलेल्या रकमेची जबाबदारी दोषी चालकावर येऊ शकते. म्हणून दायित्वाच्या वाढीव मर्यादांचे दर तपासणे हा निवडीचा पहिला टप्पा मानला जातो.

काँप्रिहेन्सिव्ह संरक्षण

गारपिटीची भरपाई 'काँप्रिहेन्सिव्ह' या ऐच्छिक संरक्षणातून मिळते. गारपीट, वारा, टोर्नेडो, पूर, आग, चोरी, तोडफोड आणि प्राण्याला बसलेली धडक यांचा त्यात समावेश असतो. पेरिटनला १५ जून २०२३ रोजी ईएफ-३ तीव्रतेच्या टोर्नेडोचा तडाखा बसून तीन जणांचा मृत्यू झाला. अशा आपत्तीत उद्ध्वस्त झालेल्या वाहनाची भरपाईही याच संरक्षणातून होते.

'कोलिजन' हे संरक्षण वेगळे असते. दुसऱ्या वाहनाशी अथवा वस्तूशी टक्कर होणे किंवा वाहन उलटणे, या घटना त्यात येतात. रस्त्यावर आलेल्या हरणाला गाडी धडकली, तर ती काँप्रिहेन्सिव्हमधील घटना ठरते. हरणाला चुकवताना गाडी कुंपणावर आदळली, तर ती सामान्यतः कोलिजनमधील घटना मानली जाते. टँकरच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने काच फुटल्यास बहुधा काँप्रिहेन्सिव्ह लागू होते.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने येथे शब्दाच्या अर्थातील फरक महत्त्वाचा आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. तृतीय पक्ष विमा आणि स्वतःच्या वाहनाचे नुकसान हे दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला बोलीभाषेत 'काँप्रिहेन्सिव्ह' म्हटले जाते. अमेरिकेत हा शब्द टक्कर वगळता इतर कारणांनी होणाऱ्या नुकसानीपुरता मर्यादित आहे. त्यामुळे अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या चालकाने केवळ हा एक शब्द पाहून टक्करीचे नुकसानही भरून मिळेल असे समजणे चुकीचे ठरते. अमेरिकेत 'फुल कव्हरेज' हा शब्दही सर्रास वापरला जातो. त्याला कायद्यात निश्चित व्याख्या नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावरील 'डिक्लरेशन्स' या तक्त्यात प्रत्येक संरक्षण स्वतंत्रपणे नोंदलेले असते. काँप्रिहेन्सिव्हच्या रकान्यात रक्कम आहे की नाही, हे तेथेच पाहावे लागते.

वजावटीची निवड

दाव्याच्या रकमेपैकी जो भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो, त्याला वजावट किंवा डिडक्टिबल म्हणतात. वजावट जितकी मोठी, तितका हप्ता कमी असतो. वाहन विम्यात ती सामान्यतः ठरावीक डॉलरमध्ये असते. टेक्सासमधील घराच्या विम्यात वारा आणि गारपिटीसाठी घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत वजावट ठेवण्याची पद्धत आढळते. या दोन पद्धतींची गल्लत होऊ शकते.

निवड करताना हप्त्यातील फरक आणि गारपिटीची वारंवारता यांची तुलना करावी लागते. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ५०० डॉलर वजावटीची पॉलिसी १,००० डॉलर वजावटीच्या पॉलिसीपेक्षा वर्षाला ९० डॉलरने महाग आहे. दावा केल्यास कमी वजावटीमुळे ५०० डॉलर वाचतात. ५०० ला ९० ने भागल्यास सुमारे साडेपाच येतात. म्हणजे साडेपाच वर्षांतून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा दावा करण्याची वेळ येणार असेल, तर कमी वजावट फायद्याची ठरते. त्याहून क्वचित वेळ येणार असेल, तर जास्त वजावट स्वस्त पडते.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. वजावट प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्रपणे लागू होते. एकाच हंगामात दोनदा गारपीट झाली, तर ती दोनदा सोसावी लागते. म्हणून संकटाच्या दिवशी जेवढी रक्कम हाताशी असेल, तेवढीच वजावट निवडणे व्यवहार्य असते. तेलाचे भाव पडल्यानंतर कामाचे तास कमी होतात, तेव्हा २,५०० डॉलरची वजावट भरता न आल्याने वाहन दुरुस्तीविना पडून राहू शकते.

पुढच्या काचेसाठी अनेक कंपन्या स्वतंत्र जोडसंरक्षण देतात. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत काँप्रिहेन्सिव्ह असल्यास पुढची काच वजावटीविना बदलून देण्याचा कायदा आहे. टेक्सासमध्ये तसा कायदा नाही. नव्या वाहनांत काचेमागे चालकसाहाय्याचा कॅमेरा बसविलेला असतो आणि काच बदलल्यानंतर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्यामुळे काचेचा खर्च पूर्वीपेक्षा वाढला आहे. खडीच्या रस्त्यांवर रोज प्रवास करणाऱ्यांना हे जोडसंरक्षण उपयोगी पडू शकते.

वाहनाचे मूल्य आणि कर्ज

वाहन पूर्णपणे निकामी ठरल्यास कंपनी त्याचे 'प्रत्यक्ष रोख मूल्य' देते. हे मूल्य नुकसानीच्या क्षणी तशाच वापरलेल्या वाहनाची बाजारात जी किंमत असते, तेवढे असते. भारतात पॉलिसी घेतानाच वाहनाचे घोषित मूल्य निश्चित केले जाते आणि ते पॉलिसीत छापलेले असते. अमेरिकी पॉलिसीत सामान्यतः असा आकडा नसतो. तो दाव्याच्या वेळी ठरतो आणि त्यावरूनच बहुतेक वाद निर्माण होतात.

गारपिटीने इंजिन शाबूत असलेले वाहनही आर्थिकदृष्ट्या निकामी ठरू शकते. छत, बॉनेट आणि दरवाजे यांवर शेकडो पोचे असतील, तर दुरुस्तीचा खर्च जुन्या वाहनाच्या किमतीपर्यंत पोहोचतो. फोर्ड एफ-१५० या लोकप्रिय पिकअपचे बाह्यांग २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅल्युमिनियमवरील पोचे काढणे पोलादी पत्र्याच्या तुलनेत अवघड आणि खर्चिक असते.

वाहनावर कर्ज असल्यास कर्ज देणारी संस्था काँप्रिहेन्सिव्ह आणि कोलिजन या दोन्हींची अट घालते. हे संरक्षण खंडित झाल्यास ती स्वतः विमा घेऊन त्याचा खर्च कर्जदारावर टाकू शकते. असा विमा महाग असतो आणि मुख्यतः कर्जदात्याच्या हिताचे रक्षण करतो. शिल्लक कर्ज वाहनाच्या बाजारभावापेक्षा अधिक असेल, तर दोन्हींतील फरक 'गॅप' संरक्षणातून भरला जातो. कमी अग्रिम रक्कम भरून दीर्घ मुदतीच्या कर्जावर महागडा पिकअप घेतलेल्या कामगारासाठी हा फरक मोठा असू शकतो. गॅप नसल्यास वाहन हातचे जाते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

याउलट कर्ज फिटलेल्या आणि बाजारात अल्प किंमत उरलेल्या वाहनावर काँप्रिहेन्सिव्ह ठेवणे नेहमीच फायद्याचे नसते. वाहनाच्या मूल्यातून वजावट वगळल्यावर जी रक्कम उरते, तेवढीच कमाल भरपाई मिळू शकते. ती रक्कम आणि वार्षिक हप्ता यांची तुलना करून निर्णय घ्यावा लागतो. तथापि, गारपिटीच्या प्रदेशात काँप्रिहेन्सिव्ह आणि कोलिजन ही दोन्ही संरक्षणे एकदम बंद करण्यापूर्वी त्यांचे हप्ते वेगवेगळे पाहणे हितावह ठरते. काही कंपन्या कोलिजनशिवाय केवळ काँप्रिहेन्सिव्ह देतात.

कामासाठी होणारा वापर

वैयक्तिक वाहन विमा हा घरगुती वापर आणि कामावर जाणे-येणे यांसाठी असतो. तेलक्षेत्रात वैयक्तिक आणि व्यावसायिक वापराची सीमा पुसट होते. स्वतःच्या पिकअपने एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जाणे, मोबदला घेऊन माल पोहोचविणे किंवा वेल्डिंगचे यंत्र वाहनावर कायम बसविणे, अशा वापराची माहिती कंपनीला दिलेली नसेल, तर दावा अडचणीत येऊ शकतो.

पिकअपला लांब ट्रेलर जोडून तेलक्षेत्रातील सामान तातडीने पोहोचविण्याच्या व्यवसायाला 'हॉटशॉट' म्हणतात. त्यासाठी व्यावसायिक पॉलिसी आवश्यक असते. दोन राज्यांदरम्यान भाड्याने सर्वसाधारण माल वाहणाऱ्या आणि १०,००१ पौंड अथवा अधिक वजनक्षमतेच्या वाहनासाठी संघीय नियमांनुसार किमान ७,५०,००० डॉलरचे दायित्व संरक्षण लागते. टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांना हा नियम सहज लागू होऊ शकतो.

वाहनात ठेवलेली अवजारे वाहन विम्यात सामान्यतः येत नाहीत. नंतर बसविलेली पेटी, मागील जाळी किंवा विशेष चाके यांसाठी पॉलिसीत अल्प मर्यादा असते अथवा स्वतंत्र जोडसंरक्षण घ्यावे लागते. कंपनीच्या आवारात उभ्या असलेल्या कामगाराच्या खासगी गाडीवर गारा पडल्यास मालकाचा विमा ती भरपाई करील, असा समजही आढळतो. गारपीट ही नैसर्गिक घटना असल्याने सर्वसाधारणपणे मालकावर तिची जबाबदारी येत नाही.

विमा नसलेले चालक आणि वैद्यकीय खर्च

टेक्सासमध्ये विमा कंपनीला विमा नसलेल्या अथवा अपुरा विमा असलेल्या चालकाविरुद्धचे संरक्षण प्रत्येक पॉलिसीत द्यावे लागते. ते नको असल्यास विमाधारकाने लेखी नकार द्यावा लागतो. त्यातील मालमत्ता नुकसानीच्या भागास २५० डॉलरची वजावट असते. हे संरक्षण गारपिटीला लागू होत नाही. दोषी चालकाकडे विमाच नसेल किंवा केवळ किमान विमा असेल, तेव्हा ते कामी येते.

'वैयक्तिक इजा संरक्षण' हेदेखील लेखी नकार दिल्याशिवाय पॉलिसीत असते. दोष कोणाचाही असला, तरी त्यातून वैद्यकीय खर्च आणि बुडालेल्या उत्पन्नाचा काही भाग मिळतो. त्याची किमान मर्यादा २,५०० डॉलर आहे. ग्रामीण भागातील गंभीर जखमींना अनेकदा हेलिकॉप्टरने दूरच्या रुग्णालयात न्यावे लागते. पेरिटनहून अमॅरिलो सुमारे १९० किमी आणि स्नायडरहून लबक सुमारे १४० किमी अंतरावर आहे. अशा प्रवासाच्या खर्चापुढे किमान मर्यादा फार थोडी ठरते. पॉलिसी घेताना पुढे केलेल्या अनेक कागदांत नकाराचे पत्रही असू शकते. ते न वाचता स्वाक्षरी केल्यास हे संरक्षण नकळत गमावले जाते.

हप्ता ठरविणारे घटक

चालकाचे वय, अपघातांचा इतिहास, वाहनाचा प्रकार, वार्षिक प्रवास आणि वाहन ठेवण्याचा पत्ता यांवर हप्ता अवलंबून असतो. टेक्सासमध्ये कायद्याच्या मर्यादेत चालकाची पतमाहितीही विचारात घेता येते. एखाद्या भागात गारपिटीचे दावे वाढल्यास स्वतः दावा न केलेल्या रहिवाशांचा काँप्रिहेन्सिव्हचा हप्ताही वाढू शकतो.

वाहन प्रत्यक्षात जेथे ठेवले जाते, तोच पत्ता कळविणे महत्त्वाचे असते. दुसऱ्या राज्यातून आलेला कामगार मूळ गावच्या स्वस्त दराची पॉलिसी पुढे चालू ठेवतो आणि वाहन मात्र वर्षभर तेलगावात असते. अशा वेळी चुकीच्या माहितीच्या आधारे कंपनी दाव्यास हरकत घेऊ शकते.

विमा कंपनीची निवड

टेक्सास विमा विभाग हा राज्यातील विमा व्यवसायाचे नियमन करतो. विभाग आणि सार्वजनिक विमा सल्लागार कार्यालय यांच्या 'हेल्पइन्शुअर' या संकेतस्थळावर नमुना दर आणि कंपन्यांविषयीच्या तक्रारींचे प्रमाण पाहता येते. केवळ हप्त्याची तुलना केल्यास दोन पॉलिसींतील फरक लपून राहतो. दायित्वाच्या मर्यादा, वजावट आणि जोडसंरक्षणे समान ठेवूनच दर मागविणे आवश्यक असते.

लहान गावासाठी पुढील बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात :

- गारपिटीनंतर कंपनी गावात नुकसान तपासणी पथक पाठविते काय
- छायाचित्रांवरून प्राथमिक अंदाज स्वीकारला जातो काय
- पर्यायी वाहनाच्या भाड्याची दैनंदिन आणि एकूण मर्यादा किती आहे
- जवळ भाड्याने वाहन देणारी संस्था आहे काय
- वाहन ओढून नेण्याच्या सेवेस अंतराची मर्यादा आहे काय

पर्यायी वाहनाचे संरक्षण बहुधा ठरावीक दिवसांपुरते असते. संपूर्ण गावातील वाहने एकाच वेळी दुरुस्तीस गेल्यास गॅरेजमधील प्रतीक्षा त्या मुदतीपेक्षा लांबू शकते.

सर्व बाजूंनी नकार मिळालेल्या चालकांसाठी 'टेक्सास ऑटोमोबाइल इन्शुरन्स प्लॅन असोसिएशन' ही व्यवस्था आहे. किमान दोन कंपन्यांनी विमा नाकारल्यास तिच्याकडे अर्ज करता येतो. तिच्यामार्फत किमान दायित्व विमा मिळतो, तसेच वैयक्तिक इजा आणि विमा नसलेल्या चालकाविरुद्धचे संरक्षण घेता येते. काँप्रिहेन्सिव्ह आणि कोलिजन मात्र मिळत नाहीत. त्यामुळे शेवटचा पर्याय म्हणून या व्यवस्थेकडे गेलेल्या चालकाला गारपिटीपासून विमासंरक्षण राहत नाही.

गारपिटीनंतरचा दावा

गारपीट थांबल्यावर वाहनाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे, तारीख आणि वेळ नोंदविणे आणि फुटलेली काच झाकून पावसाचे पाणी आत जाण्यापासून रोखणे आवश्यक असते. पुढील नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणे, ही पॉलिसीचीच अट असते. झाकण्यासाठी झालेल्या खर्चाची पावती जपून ठेवली जाते.

टेक्सासच्या कायद्यानुसार स्वतःच्या कंपनीकडे केलेल्या दाव्याची पोच कंपनीने १५ दिवसांत द्यावी लागते. आवश्यक ती सर्व माहिती मिळाल्यानंतर १५ कामकाजाच्या दिवसांत तिने दावा मान्य अथवा अमान्य करावा लागतो. मान्य झालेली रक्कम त्यानंतर ५ कामकाजाच्या दिवसांत देणे अपेक्षित असते. मोठ्या हवामान आपत्तीत या मुदती वाढविण्याची तरतूद आहे. गॅरेज निवडण्याचा हक्क वाहनमालकाचा असतो आणि कंपनी विशिष्ट गॅरेजची सक्ती करू शकत नाही.

मोठ्या गारपिटीनंतर रंग न काढता पोचे काढणारे फिरते कारागीर गावात तंबू टाकतात. यांपैकी अनेक जण कुशल असतात. मात्र ते पुढच्या गावी गेल्यानंतर त्यांच्या कामाची हमी वापरणे अवघड जाते. म्हणून कंपनीची तपासणी होण्यापूर्वी काम सुरू न करणे आणि हमी लेखी घेणे इष्ट समजले जाते.

भरपाईची रक्कम घेऊन वाहन दुरुस्त न करणे काही वेळा शक्य असते. वाहनावर कर्ज असल्यास धनादेश कर्जदात्याच्या नावेही निघू शकतो. दुरुस्त न केलेल्या पोच्यांची नोंद कंपनीकडे राहते आणि पुढील गारपिटीच्या दाव्यातून त्यांची किंमत वजा केली जाते. रकमेवर मतभेद झाल्यास अनेक पॉलिसींतील मूल्यांकनाच्या कलमानुसार दोन्ही पक्ष आपापले मूल्यमापक नेमू शकतात. विमा विभागाकडे तक्रारही करता येते.

विमा घेण्याची वेळ

काँप्रिहेन्सिव्ह संरक्षण ते लागू झाल्यानंतरच्या नुकसानीलाच मिळते. वादळाचा इशारा जारी झाल्यावर अनेक कंपन्या नवे संरक्षण देणे अथवा वजावट कमी करणे तात्पुरते थांबवितात. म्हणून पॉलिसीचा आढावा एप्रिलपूर्वी, हिवाळ्यातच घेणे योग्य ठरते. हप्ता थकल्यामुळे पॉलिसी खंडित झाली असल्यास तीही त्याच वेळी पूर्ववत करावी लागते. छपराखालील जागा किंवा जाड आच्छादन यांमुळे लहान गारांचे नुकसान कमी होते. मोठ्या गारांपुढे आच्छादन अपुरे पडते. वादळ सुरू असताना वाहन झाकण्यासाठी बाहेर जाणे जीवास धोकादायक असते.